सुपडूआप्पांची मुसळ गाडी

आमच्या शेजारच्या सुपडूआप्पांना गाडी चालवता येत नाही. स्कूटर नाही, मोपेड नाही; सायकलवरून उतरतानासुद्धा त्यांना एखादी भिंत लागते. पण अमेरिकेतल्या मस्टँग, कॅमेरो आणि चॅलेंजर ह्या तीन दांडग्या गाड्यांपैकी आमच्या सुरतेतल्या गोडादऱ्यात रोजच्या वापराला कोणती बरी, हे तुम्ही त्यांना विचारून पाहा. खरं तर विचारूच नका. मी एकदा सकाळी डबा हातात घेऊन, निघता निघता, गंमत म्हणून विचारलं होतं. त्या दिवशी ऑफिसला पोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती.

आप्पा मूळचे खानदेशातले, पारोळ्याकडचे. उधन्याच्या एका कारखान्यात मागावर त्यांचा जन्म गेला आणि त्या खडखडाटात कानही बरेचसे गेले. त्यामुळे ते बोलतात ते गल्लीला उद्देशून भाषण केल्यासारखं, आणि आपण काय बोललो ते त्यांना सोयीप्रमाणे ऐकू येतं. मी जालन्याचा, उधन्यातच एका डाइंग मिलच्या ऑफिसात कामाला. आमच्या गल्लीत चारचाकी एकट्या माझ्याकडे. जुनी आहे, लहान आहे, पण हप्ते फेडून आपल्या नावावर केलेली आहे, आणि तिचा मला अभिमान आहे हे मी लपवत नाही. आप्पा तिच्याभोवती एक चक्कर मारतात, टपावर टिचकी मारून बघतात आणि म्हणतात, "भाऊ, ही गाडी नही शे. हाऊ डबा शे."

ह्या अमेरिकन गाड्यांना इंग्रजीत मसल कार म्हणतात. आप्पा म्हणतात मुसळ गाडी. मी सुरुवातीला त्यांना समजावलं, की आप्पा, तो शब्द मसल आहे, मसल म्हणजे दंडाचे स्नायू. त्यावर त्यांनी मला विचारलं की मग दंडगाडी म्हणू का? दंड म्हटलं की ट्रॅफिक पोलीस आठवतो. मुसळ म्हटलं की कसं, वजन कळतं, जोर कळतो, आणि वर उचलून खाली आदळायची चीज आहे हेही कळतं. मी दुरुस्ती सोडून दिली. पुढे माझीच जीभ वळली आणि ऑफिसात मी एकदा मुसळ गाडी म्हणून बसलो.

हा नाद त्यांना मोबाइलमुळे लागला. मुलीनं, जागृतीनं, त्यांना मोबाइल घेऊन दिला आणि त्यात एक अमेरिकन माणूस गाडी चालवत तिच्याविषयी बोलतोय असा व्हिडिओ कुठून तरी उपटला. मग एकामागून एक तसलेच येत गेले. संध्याकाळी पाळी संपवून आले की बापलेक ओट्यावर बसायचे. आप्पांना इंग्रजी येत नाही आणि ऐकूही येत नाही, म्हणून जागृती त्यांच्या कानाशी ओरडून अर्थ सांगायची. पण तिच्या अर्थावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. बोलणारा माणूस खोटं बोलू शकतो, असं त्यांचं म्हणणं. खांदे खोटं बोलत नाहीत. म्हणून ते त्या माणसाच्या खांद्यांकडे बघायचे. वळणावर खांदे दाराकडे किती कलले, मान कुठे गेली, आणि मुख्य म्हणजे शेजारी खाचेत ठेवलेला चहा सांडला की नाही. तो चहा नसून कॉफी असते हे मी सांगितलं होतं. सांडायला काय फरक पडतो, असं ते म्हणाले.

ह्यालाच ते हँडलिंग म्हणायचे. "गाडी मानूसनं ऐकस का मानूस गाडीनं ऐकस, एवढंच देखानं," अशी त्यांची व्याख्या. ह्या गाड्यांचं आठ सिलिंडरचं इंजिन असतं, त्याला त्यांनी आठमाग्या असं नाव ठेवलं होतं. एकटा कारागीर आठ माग सांभाळतो तेव्हा एखाद्यावर धागा तुटला तरी बाकीचे सात चालूच असतात, हे ते स्वानुभवावरून सांगायचे. इंजिनाचं तसं असतं का, ते मला माहीत नाही. मी मान हलवायचो.

परीक्षा मात्र सगळ्या गोडादऱ्याच्या. अमेरिकेतल्या रस्त्यावर चालली त्याचं आम्हाला काय, लिंबायतच्या गरनाळ्यात गुडघाभर पाणी साचलं की चालेल का ते सांगा. रेल्वेखालच्या त्या बोगद्यात आप्पांनी तिन्ही गाड्या मनातल्या मनात घातल्या होत्या आणि तिन्ही बुडवल्या होत्या. आमच्या कोपऱ्यावरचा गतिरोधक कोणा रागावलेल्या माणसानं बांधल्यासारखा आहे. तिथे मस्टँगचं पोट घासतं असा त्यांचा निकाल होता. चॅलेंजर रुंद, मऊ, बसायला एखाद्या घरासारखी, डिकीत ज्वारीचं पोतं आडवं राहील. पण वळायचं म्हटलं की तिला आधी निरोप धाडावा लागतो. कॅमेरो वळणावर सगळ्यांत गुणी, चहाचा थेंब सांडत नाही. ती आप्पांनी नापास केली ती वेगळ्याच कारणासाठी. तिच्या काचा फार अरुंद. आतून बाहेरचा माणूस दिसत नाही. रस्त्यात ओळखीचं कोणी भेटलं तर रामराम कसा करायचा? रोजच्या वापराच्या गाडीतून रामराम करता येत नसेल तर ती गाडी फक्त शर्यतीची, असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला.

चॅलेंजर गल्लीच्या वळणावरून वळेल की नाही, ह्याचा निकाल मात्र मनात लागेना. मग एका रविवारी आप्पांनी मंडपवाल्याकडून बांबू आणले, कारखान्यातून बाद झालेलं कोरं कापड आणलं, आणि मापानं चॅलेंजर बांधली. लांबी-रुंदी जागृतीनं मोबाइलवरून वाचून दाखवली. चार बाजूंना चार माणसं, चार चाकं म्हणून. माझ्याकडे पुढचं डावं चाक आलं. मधोमध आप्पा, स्टिअरिंग म्हणून हातात स्टीलची थाळी. मी नको म्हणत होतो, पण चारचाकीचा अनुभव असलेला मीच एकटा होतो म्हणे.

आम्ही निघालो. बांबू, त्यावर ताणलेलं पांढुरकं कापड, आणि चार पुरुष गंभीर चेहऱ्यानं चालतायत. पिठाच्या गिरणीपाशी एक म्हातारेबुवा पिशवी घेऊन येत होते. त्यांनी पिशवी खाली ठेवली, टोपी काढली, हात जोडले आणि आप्पांना हळूच विचारलं, की कोण गेलं? आप्पांना वाटलं गाडीचं नाव विचारतायत.

"चॅलेंजर," ते म्हणाले.

म्हाताऱ्यांना तो कोणी ख्रिस्ती सद्गृहस्थ वाटला असावा. त्यांनी वय विचारलं. आप्पांनी अभिमानानं मॉडेलचं सांगितलं, की नवीनच आहे, दोन-तीन वर्षांचं. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. ते आमच्यामागून चालायला लागले. मागच्या दोन्ही चाकांना हसू आवरेना म्हणून गाडीचा मागचा भाग गदगदा हलत होता, आणि ते बघून म्हाताऱ्यांनी एका चाकाच्या पाठीवरून हात फिरवला. वळणावर चॅलेंजर भिंतीत आणि विजेच्या खांबात अशी अडकली की एक बाजू मोडून काढावी लागली. त्या म्हाताऱ्यांना शेवटपर्यंत काय समजावलं, कोणी समजावलं, मला माहीत नाही. मी माझं चाक सोडून घरी पळालो होतो.

इथपर्यंत सगळी करमणूक होती. मग जागृतीचं लग्न ठरलं.

मुलगा चलथाणचा, नीलेश. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला, शांत, बेताचं बोलणारा. चलथाण म्हणजे गोडादऱ्याहून अर्ध्या तासाचा रस्ता. संध्याकाळी भाजी घेऊन परत येता येईल इतकं. आप्पांनी मात्र चलथाण असं धरलं होतं की जणू मध्ये समुद्र आहे. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तिन्ही गाड्यांची परीक्षा नव्यानं घ्यायला सुरुवात केली. आता गरनाळं गेलं, गतिरोधक गेला, रामरामही गेला. आता एकच प्रश्न. मागच्या सीटवर पाठराखीण बसेल का?

नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा तिला एकटीला पाठवत नाहीत. घरातली कोणीतरी बाई सोबत जाते, ती पाठराखीण. ह्या गाड्यांना दारं दोनच. पुढची सीट वाकवायची आणि मागच्या सांदीत शिरायचं. जागृती शालू नेसून तिथे शिरणं शक्यच नाही, म्हणजे ती पुढे बसणार. मग नवरदेव आणि पाठराखीण मागे. आप्पा व्हिडिओ थांबवून मागची सीट बोटांनी मोठी करून बघायचे. अमेरिकेत कोणीही माणूस मागच्या सीटविषयी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलत नाही, ह्याचा त्यांना मनापासून राग आला होता. त्यांच्या पोरी सासरी जातात कशा, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, आप्पा, माझ्या गाडीला चार दारं आहेत, न्या की. त्यांनी ते ऐकलं नाही, किंवा त्यांना ऐकू आलं नाही.

ह्यामागचं कारण मला त्यांच्या बायकोनं, सुमनबाईंनी, सांगितलं. त्या गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालत होत्या आणि मी अँटेनाची वायर बघायला गेलो होतो. सुमनबाई लग्न होऊन सुरतेला आल्या त्या टेम्पोतून. त्याच टेम्पोत सेठच्या, म्हणजे आप्पांच्या कारखान्याच्या मालकाच्या, मागाचे सुटे भाग होते. वाटेत नवापूरला आणखी लोखंड चढलं, जागा पुरेना, तेव्हा पाठराखीण म्हणून आलेल्या मावशीला तिथेच उतरवून परतीच्या गाडीत बसवून दिलं. नवऱ्या मुलानं, म्हणजे आप्पांनी, तोंडातून शब्द काढला नाही. नवापूरपासून सुरतेपर्यंत नवी नवरी लोखंडाशेजारी बसून रडत आली. सुमनबाई हे सांगताना हसत होत्या. पण घरात भांडण झालं की शेवटी गाडी नवापूरलाच येते, असंही त्या म्हणाल्या. आणि मग एक बिबडा उलटा करत म्हणाल्या, "पोर गयी का याले इंग्रजी कोन सांगी?"

म्हणजे मुसळ गाडी हवी होती ती ह्यासाठी. पोरीला थाटानं पाठवायचं आणि एकटीला पाठवायचं नाही. दोन्ही गोष्टी एकाच गाडीत बसेनात, आणि आप्पांची झोप उडाली.

प्रत्यक्षात गाडी मिळाली ती मस्टँग, मागची सीट तिघींत सर्वांत तोकडी म्हणून आप्पांनी ज्या गाडीला नाकारलं होतं तीच. सेठच्या मुलाकडे पिवळीधमक मस्टँग होती. आप्पा सरळ सेठकडे गेले आणि एका दुपारपुरती मागितली. सेठ हो म्हणाले. आजवर त्या गाडीची फक्त किंमत विचारणारेच त्यांना भेटले होते, ती चहा सांडते का असं कोणी विचारलं नव्हतं. अट एकच, की ड्रायव्हर सेठचाच आणि गाडीला कोणी हात लावायचा नाही.

लग्न समाजाच्या वाडीत, म्हणजे कार्यालयात, होतं. अक्षता पडल्या, जेवणं झाली आणि दारात ती पिवळी गाडी घुरघुरत येऊन उभी राहिली. आता आप्पांच्या नात्यातल्या म्हाताऱ्या बायका गावाहून आल्या होत्या आणि महिनाभर त्यांनी एकच ऐकलं होतं, की नवरीसाठी मुसळ गाडी येणार आहे. आमच्याकडे हळद कांडायच्या आधी मुसळाला आंब्याची पानं आणि हळकुंड सुतानं बांधतात, कुंकू लावतात, सवाशिणी ते हातात धरून गाणी म्हणतात. सुरतेकडे मुसळाऐवजी मुसळाची गाडी पुजत असतील, असं त्यांनी आपसांत ठरवून टाकलं होतं. शिवाय गाडी पिवळी, म्हणजे हळद लागलेलीच. त्यांनी बॉनेटवर कुंकवाची बोटं ओढली, दोन्ही आरशांना पानं बांधली आणि गाडीभोवती उभ्या राहून गाणं धरलं. ड्रायव्हर बिचारा गुजराती माणूस. "अरे बेन, हाथ ना लगाडो," असं म्हणत तो एका आरशाकडून दुसऱ्या आरशाकडे धावत होता. तिसऱ्या फेरीला त्याच्याच मनगटाला कोणीतरी हळकुंड बांधून टाकलं.

पाठराखीण म्हणून जाणार होती आप्पांची बहीण कलाबाई, जागृतीची फुई. बाई प्रेमळ आणि ऐसपैस. पुढची सीट वाकवली, फुई डोकं घालून आत शिरली आणि अर्ध्यावर थांबली. पुढे जाईना, मागे येईना. आतून ती सूचना देत होती, बाहेरून आम्ही देत होतो. शेवटी तिला दोघीतिघींनी मागे ओढून काढलं तेव्हा ती म्हणाली, की चलथाणला मी चालत जाते पण ह्यात बसत नाही. बाकीच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकल्या. नीलेश केव्हाच दुसऱ्या बाजूनं मागे जाऊन बसला होता. त्याचा फेटा छताला लागून चपटा झाला होता आणि गुडघे हनुवटीपाशी आले होते.

जो तो सांगायला लागला, की अर्ध्या तासाचा तर रस्ता, जाऊ द्या तिला तशीच. फुईला मागाहून माझ्या गाडीतून पाठवू. वेळ टळतेय. आप्पा गाडीच्या दाराला धरून उभे होते आणि नाही म्हणत होते. आवाज चढत गेला. जागृती मान खाली घालून उभी होती. तिनं एकदाच वर पाहिलं, बापाकडे. सुमनबाईही तिथेच होत्या. त्या मागच्या रिकाम्या जागेकडे बघत होत्या.

आप्पांनी चपला काढल्या. टोपी खिशात घातली. मागांच्या दोन रांगांमधून आयुष्यभर आडवं चालल्यामुळे माणूस अरुंदच झाला होता. एका झटक्यात ते मागच्या सांदीत जाऊन जावयाशेजारी बसले. बायकांत कुजबूज झाली. फुई म्हणाली, "आरे, बाप कोठे पाठराखीन जास का?"

"माले ऐकू येत नही," आप्पा आतून म्हणाले.

सीट सरळ केली, जागृती पुढे बसली, दार लागलं. मी आप्पांना परत आणायला मागून माझी गाडी काढली, शेजारी त्यांच्या चपला ठेवून. मस्टँग पुढे, आरशांना पानं फडफडतायत, आणि मागच्या काचेत चपटा फेटा नि त्याशेजारी एक पिकलं डोकं. कोपऱ्यावरच्या गतिरोधकाला तिचं पोट घासल्याचा आवाज मला ऐकू आला. मी वाट पाहत होतो की आता आप्पा मागे वळून काचेतून मला खुणेनं निकाल सांगतील. ते वळले नाहीत.

चलथाणला पोचल्यावर त्यांना बाहेर काढायला वेळ लागला. सासरच्या बायका तुकडा ओवाळायला उभ्या होत्या, आणि नवरीच्या मागून पाठराखीण म्हणून तिचे अनवाणी वडील उतरताना पाहून कोणाला काय करावं कळेना. एका समजूतदार बाईनं त्यांच्यावरूनही तुकडा ओवाळून टाकला. मुलगी माप ओलांडून आत गेली. चहा घेऊन आम्ही निघालो.

परतताना आप्पा माझ्या शेजारी बसले. उसाच्या गाड्या समोरून येत होत्या, मी सावकाश चालवत होतो. आता मला राहवेना. इतकी वर्षं ज्या गाड्यांपायी माझं डोकं खाल्लं त्यांतल्या एकीत प्रत्यक्ष बसून आले, म्हणून मी मुद्दाम मोठ्यानं विचारलं, की मग आप्पा, हँडलिंग कसं काय?

"माले सांगता येवाव नही, भाऊ," ते म्हणाले. "जागृतीनी सीटना बाजूतून मना हात धरेल व्हता. चलथाण येवालोंग सोडाच नही. मी गाडी देखीच नही."

मग ते म्हणाले की जावई भला माणूस आहे. त्यानं ते पाहिलं आणि तो सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत राहिला. मला वाईट वाटत होतं आणि बरंही वाटत होतं, आणि समोरचा रस्ता मधूनमधून नीट दिसत नव्हता.

घरी आलो तेव्हा दिवे लागले होते. पाहुणे आत दमून पडले होते. सुमनबाई ओट्यावर एकट्या बसल्या होत्या. त्यांनी सासरच्या माणसांचं, गाडीचं काहीच विचारलं नाही.

"पोर रडनी का वाटमा?" एवढंच विचारलं.

आप्पा चपला हातात घेऊन उभे होते.

"ती नही रडनी," ते म्हणाले. "पाठराखीन रडनी."

सुमनबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि ओट्यावर थोडं सरकून त्यांना जागा करून दिली.